जुनं आउटबोर्ड मशीन घ्यावं का? मदत हवी आहे

मंडळी, देवबागला कर्ली खाडीत फिरवायला माझी छोटी फायबरची होडी आहे. तिच्यासाठी एक जुनं आउटबोर्ड मशीन (होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन) बघून आलोय: टू-स्ट्रोक, ८ एचपी, दोन सिलिंडर. मालक १८ हजार सांगतायत आणि घासाघीस नको म्हणतायत.

पाण्याच्या पिपात लगेच सुरू झालं. होडीला लावून थ्रॉटल वाढवला की मात्र दम टाकतं. चोक थोडा ओढला की सावरतं, म्हणजे पेट्रोल कमी पोचतंय. पेट्रोलच्या पाइपावरचा रबरी फुगा हाताने दाबत राहिलं तर मस्त पळतं! टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू उघडाच होता. दोन्ही प्लगांना ठिणगीही चांगली आहे. त्यामुळे माझा संशय फ्युएल पंपाच्या डायफ्रामवर (आतल्या रबरी पडद्यावर). इथेनॉलवालं पेट्रोल जुन्या रबराला सोसत नाहीच. कार्बोरेटर उघडण्याआधी हाच बदलून बघू ना?

खरी धास्ती दुसरीच. कूलिंगच्या पाण्याची धार बारीक पडते. नुसता इम्पेलर (पाणी खेचणारं रबरी चाक) गेला असेल तर ठीक, पण आतल्या वाटा मिठाने बुजल्या असतील तर? पैसे देण्याआधी हे कसं ओळखायचं? गिअर ऑइलही दुधाळ निघालं, म्हणजे सील जाऊन आत पाणी शिरलंय. त्याचा खर्च कोणी केलाय का?

पेट्रोल-ऑइलच्या प्रमाणाचं स्टिकर पुसलंय. मालक ५०:१ म्हणतात, ओळखीचे एक नाखवा २५:१ शिवाय घालू नकोस म्हणतात. आणि सुटे भाग मालवणात मिळतील की मुंबईच गाठावी लागेल?