एंचिलाडा दर वेळी मोडतात आणि तळाला लगदा होतो, मदत हवी आहे

शनिवारी आठ माणसं जेवायला आहेत. सासूबाई पुण्याहून इथे डॅलसला आल्यात, त्या पक्क्या शाकाहारी. एंचिलाडा (सारण भरून गुंडाळलेल्या टॉर्टिया, वर मिरचीचा सॉस) करायचेत, तेही सरळ अमेरिकन छापाचे: कॅनमधला लाल सॉस, पाकिटातल्या टॉर्टिया म्हणजे मेक्सिकन पोळ्या, तयार किसलेलं चीज. सुक्या मिरच्या भिजवून वाटा, असं कृपया सांगू नका.

रविवारी रंगीत तालीम केली. मक्याच्या ६ इंची टॉर्टिया फ्रिजमधून काढल्या, रिफ्राइड बीन्स (शिजवून, घोटून परतलेला घेवडा), मक्याचे दाणे आणि परतलेली ढोबळी मिरची भरली. गुंडाळायला गेले तर शिळ्या भाकरीसारख्या मोडल्या. १२ पैकी ४ धड राहिल्या. तशाच ९ बाय १३च्या ट्रेमध्ये रचल्या, २८ औंसांचा अख्खा कॅन ओतला, वर चीज, आणि ३५० फॅरनहाइटला ४० मिनिटं. चीज वरून वातड, खाली सगळं पळीने वाढायच्या लायकीचं. नवरा म्हणाला, "चव छान आहे, पण हे आहे काय?"

मैद्याच्या टॉर्टिया घेऊ का? सॉस किंचित कडवट लागतो, त्याचं काय करू? आणि आदल्या रात्री करून ठेवता येतील का?

खमंग_काकडी: मैद्याच्या मोडणार नाहीत, पण सॉसमध्ये त्या आणखी गिळगिळीत होतात. मक्याच्याच घे, फक्त थंड वळू नकोस. तव्यावर चमचाभर तेल, प्रत्येक बाजू जेमतेम १० सेकंद. कडक करायची नाही, लवचिक झाली की काढ. तेलामुळे ती सॉसही लगेच पीत नाही, म्हणजे तुझे दोन्ही प्रश्न सुटले. घाई असेल तर चार-पाच टॉर्टिया ओल्या पेपर टॉवेलमध्ये गुंडाळून मायक्रोवेव्हला अर्धा मिनिट. मोडणार नाहीत, पण लगद्याची हमी नाही.

सॉस १२ एंचिलाडांना दोन-अडीच कप पुरे. तू साडेतीन कपांच्या आसपास ओतलास! तळाला पातळ हात फिरव, बाकीचा वरून. सारणात पाणी नको, मिरची कोरडी होईपर्यंत परत.

विहिरीवरचा_रहाट: सासूबाई शाकाहारी आहेत म्हणून आधी लेबल वाचा. पारंपरिक रिफ्राइड बीन्समध्ये बऱ्याचदा लार्ड म्हणजे डुकराची चरबी असते. 'व्हेजिटेरियन' लिहिलेला कॅन वेगळा मिळतो. काही सॉसमध्ये चिकनचा स्टॉकही असतो. आमच्याकडे हे पाहुणे जेवून उठल्यावर कळलं, पुढचं सांगत नाही.

खमंग_काकडी: बरं केलंत, हे मी विसरलेच. कडवटपणाला चिमूटभर साखर, चमचाभर टोमॅटो पेस्ट आणि जिरेपूड घालून सॉस पाच मिनिटं उकळ. जिरं टेक्स-मेक्समध्ये (टेक्सास-मेक्सिकन मिश्र स्वयंपाकात) असतंच, त्यामुळे आपण काही वेगळं करतोय असं नाही. चीज मात्र ठोकळ्याचं किस, मॉन्टेरे जॅक नावाचं सौम्य चीज उत्तम. पाकिटातल्या किसाला चिकटू नये म्हणून स्टार्च लावलेला असतो, तो नीट वितळत नाही. आधी १५ मिनिटं फॉइल लावून, मग चीज घालून उघडं ५-७ मिनिटं. ४० कशाला!

तिरकस_वाचक: मेक्सिकोत टॉर्टिया सॉसमध्ये बुडवून भरतात आणि बहुधा तशाच वाढतात, ओव्हन नाही. एंचिलार म्हणजे मुळात मिरची लावणं. चालू द्या.

धागाकर्ती: @तिरकस_वाचक, पुढच्या वेळी तुमच्या घरी :)
आदल्या रात्रीचं राहिलंच की.

खमंग_काकडी: भरून, वळून, झाकून फ्रिजमध्ये. सॉस आणि चीज आयत्या वेळी. थंड ट्रेला दहा मिनिटं जास्त दे.

धागाकर्ती (रविवार): १२च्या १२ धड! तेलावर शेकायचं काम माझं, वळायचं सासूबाईंनी घेतलं. अळूवडीचे उंडे वळणारा हात, एकही सुटला नाही. बीन्सचा आधीचा कॅन बघितला, लार्ड होतं. घरात कुणाला सांगितलेलं नाही. आता सॉस कपभर उरलाय, तो किती दिवस टिकेल?

विहिरीवरचा_रहाट: काचेच्या डब्यात काढून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस. कॅनमध्ये तसाच ठेवू नका.