पानकापी मुंग्या घरात पाळाव्यात का?

परसबाग (श्टुटगार्ट)

पानं कापून नेणाऱ्या मुंग्यांचे व्हिडिओ सगळीकडे फिरायला लागल्यापासून "या घरी पाळता येतील का, पेटी कशी करायची" असं मला भारतातूनही विचारलं जातं. मी जर्मनीत राहतो. इथे मुंग्या पाळणं हा रुळलेला छंद आहे आणि पानकापी मुंग्यांची छोटी वसाहत राणीसकट दुकानात विकत मिळते. माझ्याकडे आहे. तेव्हा मत आधीच सांगतो: जिथे कायदा आडवा येत नाही, तिथे ॲक्रोमिरमेक्स या प्रजातीतल्या मुंग्या पाळायला माझी हरकत नाही. ॲटा ही पानकापी मुंग्यांची दुसरी प्रजाती मात्र कुणीच घरात आणू नये.

बहुतेकांना वाटतं या मुंग्या पानं खातात. तसं नाही. पान कापायचं, घरी न्यायचं, चावून लगदा करायचा आणि त्यावर एक ठरावीक बुरशी वाढवायची, हा त्यांचा उद्योग. कामकरी मुंग्या पानांचा रस पितात, पण अळ्या पूर्णपणे बुरशीवर जगतात. बुरशीच्या तंतूंच्या टोकांना बारीक फुगीर गाठी येतात, त्याच त्यांना भरवल्या जातात. बुरशी मेली की वसाहत संपली. म्हणून घरातली सगळी मांडणी बुरशीच्या सोयीने करावी लागते.

तीन डबे लागतात, नळ्यांनी जोडलेले. पहिला डबा बुरशीच्या बागेचा, त्यात मातीची गरज नाही. तळाला प्लास्टर ऑफ पॅरिसचा थर किंवा भाजलेल्या मातीचे गोळे, त्यावर बुरशी मोकळी वाढते. पाणी तळाला द्यायचं, बुरशीवर कधीच नाही. झाकणावर वाफ साठून थेंब खाली टपकायला लागले की हवा कोंडली आहे हे ओळखावं. तापमान 24 ते 26 अंश. 30 च्या वर गेलं की बुरशी माना टाकते. गरम चटई डब्याच्या बाजूला लावायची. खाली लावली तर तळच सुकतो.

निरोगी बाग जवळून बघावी. स्पंजासारखी भोकाभोकांची असते. वरचा थर ताज्या लगद्याचा, काळपट हिरवा. मधला राखाडी पांढरा. खालचा पिवळट तपकिरी, झिजलेला. मुंग्या वर नवं लावत जातात आणि खालचं उपसून टाकतात. मधला पांढरा पट्टा अरुंद होत चालला की काहीतरी बिघडलं, मुंग्या कितीही लगबगीत दिसोत.

दुसरा डबा पानांचा. त्याच्या कडांना स्पिरिटमध्ये कालवलेली टाल्कम पावडर लावली की मुंग्यांचे पाय घसरतात. तिसरा डबा कचऱ्याचा, आणि हाच सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतो. झिजलेली बुरशी आणि मेलेल्या मुंग्या तिथे जातात. त्या ढिगात बागेला मारणारी परजीवी बुरशीही असू शकते, म्हणून कचरा वाहणाऱ्या मुंग्या बागेपासून लांबच राहतात. हा डबा दर आठवड्याला रिकामा करायचा. वास येतो, आणि तो सहन करायची तयारी हवी.

पानांची खरी परीक्षा हिवाळ्यात. इथे झाडं बोडकी होतात. मग बर्फ बाजूला सारून ब्लॅकबेरीच्या काटेरी जाळीतली हिरवी पानं शोधायची, नाहीतर कुंपणाच्या लिगुस्टरची. अगदीच अडलं तर ओट्स, सफरचंदाची फोड. फुलवाल्याकडचा गुलाब मात्र चुकूनही नको, त्यावर बुरशीनाशक असतं आणि मुंग्यांना ते लगेच कळत नाही. आज तेच पान आवडीने कापतात. एक-दोन दिवसांत बागेवर परिणाम दिसला की ते पान टाकून देतात आणि पुढे कित्येक आठवडे त्या झाडाला तोंड लावत नाहीत. व्युर्ट्सबुर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी हे प्रयोगांतून दाखवून दिलं आहे.

ॲटा का नको? काही जातींच्या प्रौढ वसाहतीत 50 लाखांच्या वर मुंग्या असतात. राणी दहा वर्षांहून जास्त जगते. मोठ्या डोक्याच्या सैनिक मुंग्या मऊ प्लास्टिक कुरतडतात आणि माणसाच्या कातडीतून रक्त काढतात. राहत्या घरात त्यांना पुरेशी जागा देणं अशक्य आहे.

तुमची मतं मांडा. विरोधी असली तर कारणांसकट.

काळी मैना (पुणे)

कारणांसकट विरोध.

तुमच्या लेखात मुंग्यांची काळजी दिसते, ती खोटी नाही. पण ॲटाला जागा पुरत नाही म्हणता आणि ॲक्रोमिरमेक्सला पुरते म्हणता, हे कुणी ठरवलं? ब्राझीलमध्ये शास्त्रज्ञांनी ॲटाच्या एका सोडलेल्या घरात सुमारे 10 टन सिमेंट ओतलं आणि मग ते उकरून काढलं. 8 मीटर खोल निघालं. रस्ते, हवा खेळायला बोगदे, कचऱ्याच्या वेगळ्या खोल्या. ॲक्रोमिरमेक्सची घरं लहान असतात हे मान्य. पण ती जमीन, ओल, ऋतू या सगळ्यांसकट असतात. तुम्ही तीन डबे आणि दोन नळ्या देता.

दुसरं, ही राणी आली कुठून? पानकापी मुंग्यांचा संयोग पेटीत घडवून आणणं जवळजवळ कुणाला जमत नाही. म्हणजे विकली जाणारी राणी रानातून उचललेली असणार. मागणी वाढली की उचलणारे वाढतात. 2025 मध्ये केनियात काय झालं ते आठवा. दोन बेल्जियन तरुण सुमारे 5,000 राणी मुंग्यांसकट पकडले गेले. परीक्षानळ्यांत कापूस घालून मुंग्या बाहेर न्यायची सगळी तयारी होती. मे महिन्यात न्यायालयाने दहा लाख शिलिंग दंड किंवा एक वर्ष कैद अशी शिक्षा सुनावली. केनियाच्या वन्यजीव खात्याने याला जैविक चाचेगिरी, म्हणजे देशाच्या जैवसंपदेची चोरी म्हटलं ते योग्यच होतं. तुमच्यासारखे जबाबदार ग्राहक आहेत म्हणून तो बाजार उभा आहे.

परसबाग (श्टुटगार्ट)

@काळी मैना, केनियाच्या मुंग्या धान्य गोळा करणाऱ्या होत्या, पण मुद्दा तोच राहतो आणि तो मला मान्य आहे. चोरट्या मालाला हात लावूच नये. विकणाऱ्याकडे कागद मागावेत, नसतील तर घेऊ नये.

राणी उचलण्याबद्दल मात्र दुसरी बाजू आहे. संयोगासाठीच्या उड्डाणानंतर जमिनीवर उतरलेल्या शेकडो राण्यांपैकी मोजक्याच पहिलं वर्ष काढतात. पक्षी, बेडूक, इतर मुंग्या, पूर, आणि बरेचदा तोंडातून आणलेली बुरशीची गोळीच रुजत नाही. उड्डाणाच्या दिवशी उचललेली राणी आणि उकरून काढलेली वाढती वसाहत यांत मी फरक करतो.

काळी मैना (पुणे)

बहुतेक मरणारच होत्या म्हणून उचलल्या, हे कारण मला पटत नाही. कासवाच्या पिल्लांपैकीही फार थोडी जगतात. म्हणून आपण ती वेळासच्या किनाऱ्यावरून घरी आणतो का? आणि त्या राण्या ज्या पक्ष्या-बेडकांच्या पोटात जातात, त्यांचं ते अन्नच असतं.

वसंतदादा_४२ (सांगली)

मला वेगळं विचारायचं आहे. हे सगळं जर्मनीतल्या मुलांनीच का बघायचं? मी शाळेत विज्ञान शिकवतो. आमच्याकडे पानांना तोटा नाही, हिवाळ्यात बर्फ उकरावा लागत नाही, वर्षातले बरेच महिने गरम चटईचीही गरज पडणार नाही. मुंगी शेती करते हे पुस्तकात वाचणं आणि डोळ्यांसमोर बघणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पळून जाण्याची भीती दाखवली जाते, तर तेही नीट तपासू. कामकरी मुंगी नवी वसाहत करू शकत नाही, त्याला राणीच लागते. राणी एकच, तीही बागेत खोल बसलेली. चार कामकरी बाहेर पडल्या तर मरून जातील. आपण ॲमेझॉनचे मासे काचेच्या टाकीत ठेवतो, त्याला कोणी अडवत नाही. मुंगीलाच का?

किडनियंत्रक (राहुरी)

@वसंतदादा_४२ सर, कृषी कीटकशास्त्र हे माझं कामाचं क्षेत्र आहे म्हणून सविस्तर लिहितो.

पहिलं, कायदा. परदेशातून जिवंत कीटक आणायला 1914 चा विनाशकारी कीड कायदा आणि त्याखालचा 2003 चा वनस्पती विलगीकरण आदेश लागू होतो. परवानगीशिवाय आणता येत नाहीत. परवानगी संशोधनासाठी, बंदिस्त प्रयोगशाळेच्या अटीवर मागितली जाते. पार्सलमध्ये "खेळणी" लिहून मागवलेली राणी म्हणजे तस्करीच, मागवणारा शिक्षक असला तरी.

दुसरं, ज्या माशांचं उदाहरण दिलंत त्यांतलाच सकर मासा. काच साफ करतो म्हणून टाक्यांत आला, मोठा झाल्यावर लोकांनी नदीत सोडला. आज उजनीच्या मच्छीमारांना विचारा. जाळी फाडतो आणि बाजारात त्याला किंमत नाही. तो टाकीतून उडी मारून गेला नाही, कंटाळलेल्या मालकाने सोडला. तुमचं कामकरी मुंग्यांचं म्हणणं बरोबर आहे, पण धोका कामकरी मुंगीचा नाहीच. शाळेला सुट्टी लागली, बदली झाली, पेटीला वास यायला लागला आणि कुणीतरी दया येऊन ती आंब्याखाली ठेवली, हा धोका आहे. बुरशी आणि राणी दोन्ही एकाच डब्यात आहेत.

तिसरं, हे काल्पनिक नाही. कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावर ॲक्रोमिरमेक्स मूळची नव्हती. 1954 मध्ये पहिल्यांदा आढळली आणि तिथून पसरत गेली. बेटावरचे शेतकरी आजही तिच्याशी झगडतात. आणि ही तीच प्रजाती, जिला परसबाग सुरक्षित म्हणतात. ब्राझीलमध्ये गवत कापणाऱ्या ॲटा आहेत, त्या कुरणांबरोबर ऊसही कापतात. सांगलीत उसाखाली किती जमीन आहे ते मी तुम्हाला सांगायला नको. विदर्भातली संत्री तर त्यांच्या आवडीच्या झाडांत मोडतात.

गाजरगवत 1950 च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नजरेस आलं. आज एक बांध त्याच्याविना दाखवा. अमेरिकन लष्करी अळी 2018 मध्ये कर्नाटकात दिसली आणि बघता बघता आपल्या मक्यात शिरली. जे अजून आलेलं नाही, ते येऊ न देणं हेच सगळ्यात स्वस्त नियंत्रण असतं.

अंगणातली_आजी (ऑस्टिन, टेक्सास)

आमच्याकडे ॲटा टेक्साना ही जात मूळचीच आहे. मुलाच्या घरामागे तिचं मोठं घर आहे, लहान लहान विवरांसारखे मातीचे ढीग दूरवर पसरलेत. उन्हाळ्यात या रात्रीच कामाला लागतात. सुनेने लावलेलं पीचचं कोवळं झाड सकाळी उठून बघितलं तर काड्या उरलेल्या. तरीही मला त्यांचा राग येत नाही, मी टॉर्च घेऊन बघत बसते. पानाच्या तुकड्यावर एखादी इवलीशी मुंगी बसून येते. ती फुकट बसत नाही. वाहणाऱ्या मुंगीच्या अंगावर अंडी घालायला येणाऱ्या माश्यांना ती हाकलते.

परसबाग दादा, तुमच्या पेटीत त्या माश्या नाहीत. तरी इवल्या मुंग्या पानावर बसतात का? बसत असतील तर त्या कशाची राखण करतात?

इथेही राज्याच्या हद्दीपलीकडे अशा मुंग्या न्यायला केंद्र सरकारचा परवाना लागतो. ज्यांच्या भूमीत या आहेत तेच सरकार इतकं जपतं, तर आपण भारतात मागवायच्या गोष्टी का कराव्यात?

परसबाग (श्टुटगार्ट)

@आजी, बसतात. माशी नसली तरी बसतात आणि पानाचा तुकडा चाटून साफ करत येतात. वरचे नको असलेले जंतू आत जाऊ नयेत म्हणूनही ही स्वारी असते.

@किडनियंत्रक, ग्वादलूपचा मुद्दा मी मूळ लेखात लिहायला हवा होता असं आता वाटतं. भारतात या मुंग्या आणू नयेत यावर माझं मत तुमच्यासारखंच आहे. श्टुटगार्टच्या थंडीत बाहेर पडलेली वसाहत तगत नाही, म्हणून इथला हिशेब वेगळा. सांगलीत ती तगेल, हीच अडचण आहे. सरांनी जी सोय म्हणून सांगितली, तीच धोका आहे.

रोयण (फोंडा)

सांगलीच्या सरांना एक सुचवतो. बुरशीची शेती बघायला अमेरिकेत जायची गरज नाही. आपली वाळवी तेच करते. वारुळाच्या आत चघळलेल्या लाकूडफाट्याचे पोळ्यासारखे कप्पे असतात आणि त्यांवर बुरशी पिकवलेली असते. पावसाळ्यात त्याच बुरशीची छत्री जमिनीबाहेर येते, ती आपण अळंबी म्हणून खातो. आमच्याकडे रोयणीवरची, म्हणजे वारुळावरची अळंबी श्रावणाच्या आगेमागे रस्त्याकडेला विकायला येते आणि हातोहात संपते. मुलांना जूनअखेरीला एखाद्या वारुळाकडे न्या. फोडू नका, अळंबी सगळी खुडू नका. मुंग्या कोट्यवधी वर्षांपूर्वी तिकडे शेतीला लागल्या, वाळवी आफ्रिकेत स्वतंत्रपणे लागली, आणि तिचे वंशज शाळेच्या मागे आहेत.

वाळवी पेटीत पाळायचा विचार मात्र करू नका. शाळेची कपाटं लाकडी असतात.

वसंतदादा_४२ (सांगली)

वारुळाचं पटलं. ऊस आणि सकर मासा हेही पटलं, पानकापी मागवण्याचा विचार सोडतो. पण वर्गात वर्षभर समोर दिसेल असं काहीतरी हवंच. वारूळ बाहेरून बघितल्यावर पोरं विचारणार, "आत काय चाललंय?"

परसबाग (श्टुटगार्ट)

डोंगळे पाळा. पहिल्या पावसांनंतर पंख झडलेली मोठी राणी भिंतीच्या कडेने एकटी फिरताना सापडते. परीक्षानळीत थोडं पाणी, त्यावर घट्ट कापसाचा बोळा, मग राणी, तोंडाला दुसरा बोळा. नळी अंधारात ठेवायची आणि सारखी हलवून बघायची नाही. पहिल्या कामकरी बाहेर येईपर्यंत तिला खायला लागत नाही, ती स्वतःच्या पंखांचे स्नायू जिरवून अळ्यांना पोसते. कामकरी आल्या की साखरपाण्याचा थेंब आणि मेलेली माशी. वर्ष संपलं आणि वसाहत नको झाली तर ती इथलीच आहे, जिथून आणली तिथेच सोडता येते.

काळी मैना (पुणे)

डोंगळ्यांना माझा विरोध नाही, सोडता येतात हे कारण मला पुरेसं आहे. परसबाग, तुमच्या मुंग्या तुम्हाला कधीच सोडता येणार नाहीत. तुम्ही भारतात परत आलात तर त्यांचं काय करणार?

परसबाग (श्टुटगार्ट)

परत यायचं ठरलं तर वसाहत इथल्याच एखाद्या अनुभवी पाळणाऱ्याला किंवा प्राणिसंग्रहालयाला देणार. कुणी घेतली नाही तर बुरशीसकट सगळं फ्रीझरमध्ये ठेवून संपवावं लागेल. पेटी घ्यायच्या आधी हे मी घरात बोललो होतो. कचऱ्याचा डबासुद्धा गोठवल्याशिवाय मी बाहेर टाकत नाही.

काळी मैना (पुणे)

प्रामाणिक उत्तराबद्दल आभार. माझा विरोध कायम आहे.