हायब्रिड गाडीचा 'उरलेले अंतर' सांगणारा आकडा कितपत खरा धरावा?

कारंजेकर:
नमस्कार. मी कारंजा (लाड) तालुक्यातला शेतकरी असून गेल्या दिवाळीत पेट्रोल हायब्रिड (इंजिनासोबत बॅटरीवरची विजेची मोटारही असलेली) गाडी घेतली. मंगरुळपीर, मूर्तिजापूर एवढ्याच फेऱ्या होत होत्या तोवर, उरलेल्या पेट्रोलमध्ये किती किलोमीटर जाता येईल हे सांगणारा पडद्यावरचा आकडा मला चोख वाटत होता. मागच्या आठवड्यात मात्र समृद्धी महामार्गावर चढताना ६१० दाखवणारा तो आकडा २०० किलोमीटर गेल्यावर २९० वर आला. म्हणजे गाडी धावली दोनशे आणि वजा झाले तीनशेवीस. गावाकडे लिटरला सरासरी २२ किलोमीटर पडते, त्या दिवशी १७ पडली. टाकीतला सेन्सर बिघडला असेल काय?

जुना मिस्त्री:
सेन्सर बिघडलेला दिसत नाही, कारण आपलेच आकडे एकमेकांशी जुळतात. ६१० ला २२ ने भागले तर टाकीत साधारण २८ लिटर होते. १७ च्या सरासरीने २०० किलोमीटरला पावणेबारा लिटर लागले, उरले सोळा, आणि गाडीने तोवर आपली सरासरी १८ च्या आसपास खाली आणली असेल तर गुणाकार २९० च्या जवळच येतो. हा आकडा पुढचा रस्ता पाहून निघत नाही. नुकतेच पेट्रोल कसे जळले त्यावरून गाडी तो काढते. गावच्या रस्त्यावर वेग कमी, ब्रेक वारंवार, त्यामुळे विजेची मोटार भरपूर काम करते आणि ब्रेक लावताना बॅटरी पुन्हा भरते. समृद्धीवर ब्रेकच लागत नाही, इंजिन सतत चालते, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. साध्या पेट्रोल गाडीला गावापेक्षा हायवेवर सरासरी चांगली पडते. हायब्रिडचे बहुधा उलटे असते, म्हणून जुन्या गाडीच्या सवयीने लावलेला अंदाज इथे फसतो.

एक सूचना. शून्य दिसल्यावरही टाकीत थोडे पेट्रोल असते या भरवशावर राहू नये. अनेक हायब्रिड गाड्यांना वेगळा स्टार्टर नसतो, मोठ्या बॅटरीवरची मोटारच इंजिन फिरवते. पेट्रोल संपल्यावर बॅटरीवर गाडी रेटत नेली आणि तीही बसली, तर कॅनमधून पेट्रोल आणून ओतले तरी इंजिन सुरू होईलच असे नाही.

परतवाड्याचा प्रवासी:
चिखलदऱ्याच्या घाटात याचा उलटा अनुभव येतो. वर चढताना आकडा झरझर उतरला, आणि परतीच्या उतारावर टाकीत थेंबही न टाकता वाढत गेला. मुलांना मोठी गंमत वाटली. तो वाढलेला आकडा मात्र पुढे अमरावतीपर्यंत टिकला नाही, कारण उतार संपला होता आणि गाडी अजून उताराच्याच हिशेबात होती. शिवाय लांब उतारावर बॅटरी अर्ध्या वाटेतच भरते. त्यानंतरचा उतार साठवायला जागा उरत नाही.

बाजार समितीवाले:
उन्हाचाही वाटा मोठा आहे. मे महिन्यात पारा ४५ वर असताना समितीच्या आवारात वजनकाट्यासाठी रांगेत एसी लावून तासभर बसलो, तर मधून मधून इंजिन आपोआप सुरू होऊन बॅटरी भरत होते. किलोमीटर शून्य आणि पेट्रोल खर्च. मागच्या सीटजवळ बॅटरीला हवा घेणारी जाळी असेल तर तिच्यासमोर बियाण्याच्या पिशव्या रचू नका. मी दोन दिवस सरकीचे पोते तसेच ठेवले होते. बॅटरी तापली की गाडी तिचा वापर आखडता घेते आणि भार इंजिनावर पडतो. आणि पाचशे रुपयांचेच पेट्रोल टाकत असाल तर कधी कधी आकडा बदलतच नाही, एवढी थोडी भर गाडी हिशेबात धरत नाही.

कारंजेकर:
सर्वांचे आभार. काल त्याच पंपावर, त्याच नोझलने, ऑटो-कट होईपर्यंत टाकी भरून पाहिली. मागच्या फुल टाकीपासून ४१२ किलोमीटर झाले होते आणि २१.७ लिटर बसले, म्हणजे १९ ची सरासरी, पडदा १९.८ सांगत होता. पुढच्या वेळी समृद्धीवर चढताना पडद्यावरचा आकडा न पाहता पेट्रोलच्या काट्यावरून लिटर मोजून त्याला १६ ने गुणणार आहे.