पाच अल्बमांत अख्खी आफ्रिका?

खर्जातला
परवा इथे फोरमवर 'लूप_लागला' यांनी लिहिलेलं वाचलं आणि चहा थंड झाला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "आफ्रिकन संगीत समजून घ्यायचंय? नायजेरियाच्या फेला कुटीचा 'झॉम्बी', तिथल्याच किंग सनी अडेचा 'जूजू म्युझिक', मालीच्या अली फार्का तूरेचा 'टॉकिंग टिंबक्टू', इथिओपियन संगीताच्या 'इथियोपिक' मालिकेचा चौथा भाग आणि पॉल सायमनचा 'ग्रेसलँड'. पाच अल्बम ऐकले की झालं. बाकी सगळी त्याच ठेक्याची उजळणी."

उजळणी! नायजेरियातल्या योरुबांचा बोलणारा ढोल, नायजर नदीकाठचा गिटारवाला शेतकरी आणि अदिस अबाबातला व्हायब्राफोन यांचा ठेका ज्याला एकच वाटतो, त्याने उद्या लावणी, बिहू आणि केरळचं सोपान संगीतही एकच म्हणून सांगावं.

दुसरं, ही यादी आफ्रिकेत कुणी केलेली नाही. १९८२ च्या 'जूजू म्युझिक'च्या आधी अडेच्या घरच्या बाजारात ढीगभर रेकॉर्डी होत्या. तिथे रेकॉर्डची अख्खी बाजू एका दमात चालायची. परदेशी कंपनीने गाणी आटोपशीर करून घेतली, तीच आपल्यापर्यंत आली. १९८७ साली लंडनमधल्या एका पबात छोट्या कंपन्यांची माणसं बसली आणि दुकानातल्या खणावर चिकटवायला 'वर्ल्ड म्युझिक' हे नाव ठरवून उठली. आपण त्या खणात हात घालतो आणि म्हणतो, मला आफ्रिका सापडली.

आता घरचं उदाहरण. मेव्हण्याने झिम्बाब्वेतल्या हरारेहून म्बिरा आणला होता. लाकडी फळी, त्यावर लोखंडी पट्ट्या, खाली बाटलीची पत्र्याची बुचं सैल ठोकलेली. पट्टी अंगठ्याने दाबून सोडली की बुचं खरखरतात. आई म्हणाली, "अरे, हे सैल झालंय," आणि पक्कड घेऊन बुचं काढायला बसली. माझी आई! जी जवारी, म्हणजे तारांची ती खरखरीत गुंज, मनासारखी लागली नाही म्हणून तानपुरा घेऊन दोनदा मिरजेला गेली होती. खरखर हाच त्या वाद्याचा प्राण आहे हे तिला पटायला आठवडा लागला. शोना लोकांच्या बीरामध्ये हे वाद्य पूर्वजांना बोलवायला रात्रभर वाजतं. अल्बमवर ते चार-पाच मिनिटांत विरत जातं. पूर्वज दारापर्यंत येईस्तोवर ट्रॅक बदललेला असतो.

लूप_लागला
आख्खा धागा माझ्या नावाने! धन्य झालो.

साहेब, यादी नवख्यांसाठी होती. 'उजळणी' हा शब्द चुकला, मान्य. पण मग नवख्याने करायचं काय? लेगॉसचं तिकीट तुम्ही काढून देणार?

आणि फेलाच्या बाबतीत तर तुमचा मुद्दा सपशेल आपटतो. एकदा रेकॉर्ड झालेलं गाणं तो पुन्हा स्टेजवर वाजवत नसे. लोक फर्माइश करायचे, हा नवीनच काहीतरी काढायचा. म्हणजे 'झॉम्बी' ऐकायचं तर लेगॉसच्या माणसालाही रेकॉर्डच लावावी लागणार. शिवाय ती रेकॉर्ड काही खणातली शोभेची वस्तू नव्हती. हुकूम ऐकणाऱ्या सैनिकांना चालती-बोलती प्रेतं म्हणणारं गाणं ते. फेब्रुवारी १९७७ मध्ये सैन्य त्याच्या घरात घुसलं, घर जाळलं, म्हाताऱ्या आईला खिडकीतून खाली फेकलं, पुढच्या वर्षी ती गेली. त्या सैन्याला म्हणा की हा 'खरा' अनुभव नाही, नुसता अल्बम आहे.

तुम्ही स्वतः कुठून आलात या संगीताकडे? सांगा की.

खर्जातला
सांगतो, लपवायचं काय. विश्वमोहन भट आणि अमेरिकन गिटारवाला राय कूडर यांची 'अ मीटिंग बाय द रिव्हर' घेतली होती, १९९३ ची. कूडर आणखी कुणाबरोबर वाजवतो म्हणून शोधत 'टॉकिंग टिंबक्टू'वर पोचलो.

लूप_लागला
म्हणजे माझ्याच यादीतला तिसरा नंबर. धागा बंद करू या का?

अर्धा_कप
खिक्! पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

खर्जातला
दारातून आत आलो म्हणून दारालाच घर म्हणत नाही, एवढंच. अली फार्का तूरेचं पुढे १९९९ मध्ये 'नियाफुंके' आलं. त्याच्याच गावात, यंत्रं तिथे नेऊन, जनरेटरवर रेकॉर्ड केलेलं, कारण शेती सोडून यायला तो तयार नव्हता. ते ऐका आणि मग 'टिंबक्टू' ऐका. एकात पाहुणा बसलेला आहे, दुसऱ्यात नाही.

दारेसलामकर
मी नोकरीसाठी आठ वर्षं टांझानियात दार-ए-सलामला होते. दोघांनाही थोडं थोडं झोडपते.

शेजारच्या लग्नात ताराब, म्हणजे तिथल्या किनाऱ्यावरचं स्वाहिली गाणं, ऐकला. बायकाच बायका, सगळ्यांच्या अंगावर एकाच छापाचं कापड. बाई गायला लागली की एकेक जण नाचत-नाचत पुढे जाते आणि नोट तिच्या हातात देते. गंमत पुढे आहे. ज्या ओळीत शेजारणीला टोमणा आहे, नेमक्या त्याच ओळीला उठायचं, आणि उठताना त्या शेजारणीकडे बघायचं! माझ्या बाजूला बसलेली मामा झुहुरा (तिकडे बाईला मामा म्हणतात) ओळ येण्याआधीच पर्स उघडून बसली होती. अशा टोमण्यांच्या गाण्यांना मिपाशो म्हणतात. मी घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, अरे, ही तर दौलतजादा, फक्त बायकांनी बायकांसाठी केलेली. आणि गाण्याला गाण्याने उत्तर देणारे गट म्हणजे थेट कलगीतुराच.

नंतर त्याच बाईची सीडी आणली. गाणं तेच, पण कोण कुणावर उठलं ते गायब. तेव्हा खर्जातला, तुमचं बरोबर. पण लूप, तुमचंही बरोबर, कारण मामा झुहुराला ती सगळी गाणी तोंडपाठ होती ती कॅसेटमुळेच. धुणं धुताना लावायची.

पेटीमास्तर
ताई, मोंबासाच्या ताराबमध्ये पेटी आणि तबला असतो, हे सांगायचं राहिलं की मुद्दाम सोडलं? तिथले लोक हिंदी सिनेमाच्या चालींवर स्वाहिली शब्द बसवून गातात. आणि इथिओपियाच्या तिझिता या सुरावटीचा जो डंका पिटतात, ती शुद्ध भूप आहे. सा रे ग प ध. सगळं आपल्याकडूनच गेलेलं आहे, फक्त आपल्याला मार्केटिंग जमलं नाही.

खर्जातला
आलं! वाटच बघत होतो.

दारेसलामकर
मास्तर, पेटी मुळात फ्रेंचांची. ती 'आपल्याकडून गेली' म्हणताना आपल्याकडे कुठून आली तेही सांगा.

पाच सुरांच्या सुरावटी चीनपासून स्कॉटलंडपर्यंत सापडतात, त्यात भूपाचा सातबारा कुणाच्या नावावर नाही. शिवाय भूप म्हणजे नुसते पाच सूर का? गंधार-धैवताचा मान, चलन म्हणजे सुरांची चाल, ते कुठे गेलं? तुम्हीच इथे देशकार आणि भूप यांवर चार पानं लिहिली होती ना? तेच पाच सूर आणि दोन राग! मग तिझिताच्या वेळी सूर मोजून मोकळे कसे झालात? आणि तिझिता हे नाव आठवणीचं आहे, हुरहुरीचं.

ताराबवर कैरोची सावली आपल्यापेक्षा मोठी आहे. झांझिबारच्या सुलतान बर्गशने कैरोहून वादक आणवले असं तिथे सगळे सांगतात.

पेटीमास्तर
आणि हाच बर्गश गादीवर येण्याआधी मुंबईत हद्दपारीत राहिला होता, १८५९ नंतर. ते सोयीस्कर विसरलात.

दारेसलामकर
विसरले नाही. दोन वर्षं राहिला, पण गाणं शिकायला कैरोकडेच बघितलं. याचा अर्थ तुम्हीच लावा.

चोरबाजार_शुक्रवार
भांडा, भांडा. पण खरी मुंबई राहिलीच. सिती बिंती साद. झांझिबारच्या खेड्यातली, गुलामांच्या घराण्यात जन्मलेली, मातीची भांडी विकणारी बाई. १९२८ मध्ये साथीदारांना घेऊन जहाजाने मुंबईला आली आणि ग्रामोफोन कंपनीसाठी स्वाहिली गाणी रेकॉर्ड करून गेली. त्या रेकॉर्डी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर धडाधड खपल्या. तोवर कुठल्याच बाईने रेकॉर्डवर स्वाहिली गायलेलं नव्हतं.

तेव्हा 'आधी खरं गाणं, मग परक्यांनी केलेला अल्बम' ही गोष्टच धड नाही. ताराबला आज जो मान आहे त्यात मुंबईत कापलेल्या लाखेच्या तबकड्यांचा वाटा आहे. काँगोचंही तेच. १९३० च्या दशकात क्यूबन गाण्यांच्या 'जीव्ही' मालिकेच्या रेकॉर्डी किन्शासाला, म्हणजे तेव्हाच्या लिओपोल्डव्हिलला, पोचल्या आणि त्या ऐकून काँगोलीज रुंबा उभा राहिला. तिथल्या गिटारवाल्या फ्रँकोचं ऑर्केस्ट्रा घ्या. आधी गाणं, मग गिटारी सुटतात तो सेबेन. छोट्या तबकडीवर एवढं मावेना म्हणून पहिला भाग एका बाजूला, दुसरा दुसऱ्या बाजूला. तबकडी उलटेपर्यंत नाचणारे तसेच उभे. अल्बम हा तिथे पाहुणा नाही, घरातलाच आहे.

बाकी पाच वर्षं शोधतोय, सितीची एकही तबकडी मिळालेली नाही. एका दुकानदाराने 'आहे' म्हणून बोलावलं आणि नातिया कव्वाली हातात ठेवली.

खर्जातला
हे मात्र पटलं. थोडंसं. पण पैसा कुणाला मिळाला ते कोण बोलणार? १९३९ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या सॉलोमन लिंडाने जोहान्सबर्गला 'म्बुबे' गायलं. हक्क विकले दहा शिलिंगांना. त्यावरून 'द लायन स्लीप्स टुनाइट' झालं आणि पुढे 'लायन किंग'मध्येही आलं. लिंडा १९६२ मध्ये गरिबीत गेला. मुलींना तडजोडीतून काही मिळायला २००६ उजाडलं.

लूप_लागला
आणि 'ग्रेसलँड'? त्यात वादकांना पैसे मिळाले, दक्षिण आफ्रिकेचा गायकांचा गट लेडीस्मिथ ब्लॅक माम्बाझो जगभर पोचला.

खर्जातला
आणि वर्णद्वेषी राजवटीमुळे दक्षिण आफ्रिकेवर सांस्कृतिक बहिष्कार चालू असताना जोहान्सबर्गला जाऊन रेकॉर्डिंग केलं, त्यावरून वर्षानुवर्षं वाद झाला. तो अल्बम अमेरिकन पॉल सायमनचा आहे, आफ्रिकन संगीताच्या यादीत काय करतोय? त्याऐवजी १९८५ चं 'द इनडिस्ट्रक्टिबल बीट ऑफ सोवेटो' घाला. त्यात खर्जात गाणारा महलातिनी आहे. तो खर्ज ऐकल्यावरच मी हे टोपणनाव घेतलं.

साधी_राहणी
एवढं वाचून एक विचारते, राग मानू नका. आमच्या सोसायटीत दोन नायजेरियन मुलं भाड्याने आली होती, इंजिनीअरिंग शिकणारी. 'आवाज करतात' म्हणून तीन महिन्यांत बैठक. आवाज कसला? रविवारी दुपारी गाणी. त्याच बैठकीत फ्लॅट रिकामा करून घ्या म्हणून सगळ्यात मोठ्याने बोलणाऱ्या काकांच्या घरी फेलाची रेकॉर्ड फ्रेम करून भिंतीवर लावलेली आहे.

जाताना त्यातल्या एका मुलाने मला पेन ड्राइव्ह दिला. त्यात फेला नाही, सनी अडे नाही. चर्चमधली गाणी आणि आजकालची नाचायची गाणी. मी विचारलं, फेला? तो म्हणाला, "ते माझे आजोबा ऐकतात, आंटी."

पेटीमास्तर
गाण्याच्या धाग्यात हे कशाला? आवाजाचा त्रास हा त्रासच. आमच्याकडे गणपतीत कुणी...

साधी_राहणी
गणपतीत दहा दिवस डीजे चालतो तेव्हा बैठक होत नाही, मास्तर. 'सगळं आपल्याकडून गेलं' म्हणता, मग ती मुलं आपली का नाही झाली?

पेटीमास्तर
तुम्ही मला ओळखता का? मी कुणाला घराबाहेर काढलेलं नाही. उगाच माझ्यावर घसरू नका.

अर्धा_कप
इनो घ्या, इनो.

लूप_लागला
साधीराहणी, तो पेन ड्राइव्ह अजून आहे का? त्यातली नावं टाका. हे मी गांभीर्याने विचारतोय.

साधी_राहणी
आहे. फायलींना नुसते आकडे आहेत, नावं नाहीत. ट्रॅक ०१ ते ट्रॅक ६३. एकोणिसावं मला फार आवडतं, कुणाचं आहे देव जाणे.

चोरबाजार_शुक्रवार
एकोणिसावं मला पाठवा. नाव शोधून देतो.

दारेसलामकर
वाखुसा, म्हणजे वाचनखूण साठवली. मास्तर, रागावू नका, तुमचा भूपाचा लेख मी तीनदा वाचलाय. म्हणून तर एवढी भांडले.

पेटीमास्तर
बरं. तिझिताचं चलन वेगळं असू शकतं, एवढं मान्य. तो चौथा भाग पुन्हा ऐकेन. पेटीबद्दल मात्र माघार नाही.

लूप_लागला
यादी बदलली आहे. सितीचं नाव घातलं, रेकॉर्ड मिळत नसली तरी. सोवेटो घातलं. आता सात झाले. खर्जातला, समाधान?

खर्जातला
ग्रेसलँड काढलं का?

लूप_लागला
नाही.