मदत हवी आहे: उंची ५ फूट १ इंच, पहिलीच गिअरची गाडी, कोणती घ्यावी?

मुक्ता_पुणे
नमस्कार मंडळी. पहिली गिअरची मोटारसायकल घ्यायची आहे. विचारायची वेळ येऊ नये म्हणून सगळी माहिती एकदाच देते.

उंची १५५ सेंमी, वजन ४८ किलो. स्कूटर रोज चालवते, पण गिअरची गाडी हातात घेतलेली नाही. लायसन्स विनागिअरचं आहे, गिअरचं शिकाऊ नुकतंच काढलंय. रोज धायरी ते बाणेर आणि परत, भर ट्रॅफिकमधून. महिन्यातून एखादा रविवार पानशेत किंवा ताम्हिणी. डबलसीट क्वचित. बजेट ऑनरोड दीड लाख, फार तर एक साठ.

मनात जुनी क्लासिक ३५० होती. एका शोरूममध्ये बसून पाहिली तर दोन्ही पायांची फक्त बोटं टेकली. तिथले गृहस्थ म्हणाले, "सवय होते." खरंच होते का? सीट किती मिलिमीटरपर्यंत चालेल याचा काही हिशोब आहे का? आणि सीट कापून घेणं, शॉकअप खाली करणं कितपत सुरक्षित?

पाना_चौदा
हिशोब आहे, पण तो माहितीपत्रकातल्या एका आकड्यावर होत नाही. सीटची उंची म्हणजे मोकळ्या गाडीची, जमिनीपासून सीटपर्यंतची सरळ उभी उंची. तुमचा पाय सरळ खाली जात नाही, सीटला वळसा घालून जातो. सीट पुढून रुंद असेल तर ७९० ची गाडीसुद्धा ८२० सारखी वाटते, आणि टाकीपाशी निमुळती असेल तर ८०० वाली सुसह्य होते. क्लासिक ८०५ मिमी आहेच, शिवाय तिची पुढची सीट चांगली रुंद आहे. बोटंच टेकणार.

आधी स्वतःचं माप घ्या. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभ्या राहा, दोन्ही पायांच्या मध्ये जाड पुस्तक आडवं धरून वरपर्यंत घट्ट दाबा, पुस्तकाच्या वरच्या कडेची खूण भिंतीवर करा. जमिनीपासून तिथपर्यंत तुमच्या पायाची आतली लांबी. नंतर टाचा उचलून चवड्यांवर उभ्या राहा आणि पुन्हा खूण करा. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे चवड्यावर मिळणारी जादा पोच, साधारण ८ सेंमीच्या आसपास येतं.

मग शिंप्याची फीत घेऊन शोरूममध्ये जा. कोणाला तरी गाडी सरळ उभी धरायला सांगा. एका बाजूच्या जमिनीपासून, टाकीला लागून असलेल्या सीटवरून, दुसऱ्या बाजूच्या जमिनीपर्यंत फीत ताणून धरा. येईल त्याचं निम्मं करा. तुम्ही बसल्यावर शॉकअप दबतो, त्याचे ४८ किलोला दीड-दोन सेंमी वजा करा. समजा फीत १६४ आली. निम्मं ८२, बसका वजा जाता ८०. तुमचा पाय ६९ आणि बुटाचा तळ अडीच, मिळून साडेएकाहत्तर, चवड्याचे ८ धरून साडेएकोणऐंशी. म्हणजे चवडे जेमतेम टेकतील. ही तुमची कड समजा. याच्या पलीकडे नुसती बोटं लागतात आणि बोटांवर गाडी तोलता येत नाही.

घाटवाट
मग सरळ मीटिओर ३५० घ्या, थोडी थांबून. सीट ७६५ मिमी, पाय आरामात टेकतात, लांबच्या प्रवासाला सुंदर. आधी छोटी घ्यायची आणि मग मोठी, यात पैसे दोनदा जातात.

सावकाश_जा
घाटवाट, पाय टेकतील हे बरोबर, पण मीटिओरचं वजन १९१ किलो आहे आणि मुक्ताताईंचं ४८. अडचण गाडी सरळ असताना येत नाही, कलल्यावर येते. ढोबळ गणित बघा. गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर, हँडल एक मीटरवर धरलं, तर १९० किलोची गाडी ५ अंश कलली की हँडलपाशी साधारण ८ किलोचा जोर लागतो. १५ अंशांना तोच जवळपास २५ किलो. ११५-१२० किलोच्या गाडीला १५ अंशांना १५ किलो पुरतात. ८ आणि २५ किलोंमध्ये सिग्नलवरचा एक छोटा खड्डा असतो. नवशिक्या माणसाचा क्लच चुकून सुटतो, गाडी हिसका देऊन बंद पडते, आणि ती नेमकी त्याच क्षणी कलते. तेव्हा हलकी गाडी सावरता येते, जड गाडी घेऊन पडते.

सवय होते का, तर थांबायच्या पद्धतीची होते, पायाच्या लांबीची होत नाही. एक पाय पक्का टेकला की पुरतं. थांबताना दोन्ही पाय सोडायची स्कूटरवरची सवय आधी मोडा. वेग संपत आला की कंबर सीटवर ५-६ सेंमी डावीकडे सरकवा, डावा पाय सपाट टेकवा, उजवा पाय मागच्या ब्रेकवरच राहू द्या. दोन्ही पायांची बोटं टेकवून थांबण्यापेक्षा एक पूर्ण पाऊल दसपट भरवशाचं.

आणि आपल्याकडे एक गोष्ट फार नडते. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता डाव्या कडेला उतरता असतो. अगदी कडेला गटाराच्या झाकणापाशी थांबलात तर डाव्या पायाखालची जमीन दोन-तीन सेंमी खाली असते आणि गाडीही तिकडेच झुकते. लेनच्या मध्यावर थांबा. थांबण्याआधी दहा-पंधरा फूट पुढे जमीन बघायची, वाळू, ऑइल, पेव्हरची कड. उंच माणसाला हे बघावं लागत नाही, तुम्हाला बघावं लागेल.

तीन_फाटा
शॉकअप खाली करणं हा सोपा उपाय आहे. एक इंच सहज खाली येते. मागे छोटे शॉकअप टाकायचे, पुढचे पाइप क्लॅम्पमधून वर सरकवायचे, झालं.

पाना_चौदा
तीन_फाटा, "झालं" म्हणून सोडून द्यावं इतकं सोपं नाही ते. नुसतं मागे उतरवलं तर गाडी मागे बसते, हँडल सुस्त होतं, हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. नुसतं पुढे उतरवलं तर हँडल उतावळं होतं. दोन्हीकडे बेतानं करावं लागतं, आणि पुढे १० मिमीच्या वर जाऊ नये, नाहीतर शॉकअप पूर्ण दबल्यावर मडगार्ड कुठे अडतं ते तपासत बसावं लागतं.

त्याहून मोठी चूक साइड स्टँडची. गाडी २५ मिमी उतरली, पण स्टँड तेवढाच लांब राहिला, तर गाडी स्टँडवर जवळजवळ सरळ उभी राहते. वारा आला, कोणाचा धक्का लागला, की उजवीकडे आडवी. स्टँड कापून पुन्हा वेल्ड करावा लागतो, आणि डबल स्टँडवर चढवणं दुप्पट जड होतं. शिवाय स्पीडब्रेकरला पोट घासणं आणि वॉरंटीचा वाद. स्प्रिंगचे वेढे कापून देणारेही भेटतील, त्यांना हात लावू देऊ नका. कापलेली स्प्रिंग कडक होते, तिचं टोक बैठकीत नीट बसत नाही आणि खड्ड्यात शॉकअप खाली आपटतो.

याआधी तीन गोष्टी करा, जवळजवळ फुकटातल्या.

मागच्या शॉकअपला खाचा असतात, बहुतेक गाड्यांना पाच. सगळ्यात मऊ खाचेवर आणा. टूलकिटमध्ये हुकासारखा पाना असतो, त्यानं फिरते. दोन शॉकअप असतील तर दोन्हीकडे एकच खाच. बसल्यावर गाडी सेंटीमीटरभर जास्त दबते. डबलसीट जाताना मात्र परत कडक करा.

बूट घोट्याच्या वरपर्यंतचे, तळ अडीच सेंमी, सपाट आणि कडक. त्याहून जाड तळ नको, गिअरचा दांडा पायाला कळत नाही.

तिसरी सीट. मूळ सीट काढून जपून ठेवा, दुसरी घेऊन तिच्यावर काम करा. सीटवाल्याला सांगा की मध्ये १५ मिमी आणि दोन्ही बाजूच्या मांडीच्या कडा जास्त उतरवायच्या. खरा फायदा कडांमधून मिळतो. सगळे फक्त मध्ये खणतात, मग खोबण होते, बसलं की टाकीवर घसरायला होतं आणि दोन तासांत फोम बसून खालचं प्लास्टिक लागतं. फोम आणि रेक्झिनमध्ये प्लास्टिकचा कागद घालायला लावा, नाहीतर शिवणीतून पावसाचं पाणी मुरतं आणि सीट चार दिवस ओली राहते.

निळी_टाकी
बजेटात बसणाऱ्या गाड्यांची नावं कोणीच दिली नाहीत, मी देतो.

रेडर १२५: सीट ७८० मिमी, वजन १२३ किलो, पुढून निमुळती. तुमच्या मापाला पहिली हीच बघा. स्प्लेंडर प्लस ७८५ मिमी आणि ११२ किलो, सगळ्यात हलकी, गल्लीबोळात खेळण्यासारखी, घाटात डबलसीट मात्र धापा टाकेल. शाइन १२५ साधारण ७९० आणि ११४, क्लच अतिशय मऊ. एफझी-एस ७९० मिमी, १३६ किलो. टाकी रुंद आहे, त्यामुळे बसून बघितल्याशिवाय ठरवू नका.

ॲव्हेंजर तुम्हाला सगळे सुचवतील कारण सीट ७३७ मिमी. पाय सपाट टेकतात, खरंय. पण फूटरेस्ट पुढे आहेत, गाडी लांब आहे. उभ्या गाडीवर बसून हँडल पूर्ण वळवा. बाहेरच्या बाजूचा हात सरळ होऊन खांदा ओढला जात असेल तर यू-टर्नला तो हात क्लच किंवा ॲक्सिलेटर नीट सांभाळू शकणार नाही. बुटक्या माणसाचे हातही आखूड असतात, हे लोक विसरतात.

ड्यूक २०० (८२२), एक्सपल्स (८२५) सध्या सोडून द्या.

एक मुद्दा ब्रेकचा. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, १२५ आणि खालच्यांना त्या नियमात सीबीएस (एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागतो ते) चालत होतं, म्हणून बऱ्याच १२५ मध्ये तेच असतं. पावसाळ्यात ओल्या पुलावर पुढचा ब्रेक करकचून दाबला गेला तर एबीएस चाक अडकू देत नाही. तुमचा रोजचा रस्ता बघता मी एफझीसारख्या एबीएसवाल्या गाडीकडे झुकेन, चवडे टेकत असतील तरच.

सावकाश_जा
निळी_टाकींशी थोडा मतभेद. नवशिक्यांच्या बहुतेक पडापडी शून्य ते दहाच्या वेगात होतात आणि तिथे एबीएस काही करत नाही. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला की पुढचा शॉकअप दबतो आणि गाडी वळलेल्या बाजूला आडवी होते. म्हणून नियम: शेवटच्या पाच फुटांत हँडल सरळ, पुढचा ब्रेक सुटलेला, फक्त मागचा.

बाकी १२५ वर ताम्हिणी एकट्यानं निवांत होते, ती काळजी नको.

मुक्ता_पुणे
सगळ्यांचे मनापासून आभार. फीत घेऊन तीन शोरूम फिरले. पाय ६९, चवड्यांचे ८, अगदी पानादादांनी धरलं तेच. रेडरवर दोन्ही चवडे नीट टेकतात, कंबर सरकवली की डावं पाऊल सपाट. एफझीवर चवडे टेकतात पण मांड्या फाकतात, पाच मिनिटांत पिंढऱ्या ताणल्या. ॲव्हेंजरवर हँडल पूर्ण वळवल्यावर डावा खांदा ओढला गेला, बरोबर सांगितलंत. रेडरवर मन बसतंय.

दोन शंका. क्लचचा दांडा लांब वाटतो, बोटांची पहिली पेरंच पोचतात. आणि सोसायटीचं पार्किंग तळघरात आहे, तिथला उतार तीव्र. तिथे गाडी मागे कशी घ्यायची?

पाना_चौदा
क्लचच्या केबलला वरच ॲडजस्टर आहे. दांड्याच्या टोकाशी १० ते १५ मिमी मोकळी चाल (केबल ताणण्याआधी दांडा सैल हलतो ती) ठेवून बसवून घ्या. चाल जास्त असेल तर क्लच हँडलच्या अगदी जवळ येऊन सुटतो, लहान हाताला तेच सोयीचं. मात्र पूर्ण दाबल्यावर गिअर खटकन न पडता अलगद पडला पाहिजे. अजिबात चाल न ठेवणं वाईट, क्लच प्लेटी जळतात. दांड्याचा कोन हँडलवरचा क्लॅम्प सैल करून थोडा खाली घेता येतो. बोटं, मनगट आणि कोपर एका रेषेत आले की पोच वाढते. हे डिलिव्हरीच्या दिवशी तिथल्या मेकॅनिककडून, तुम्ही गाडीवर बसलेल्या असताना करून घ्या. त्याच वेळी मागचा शॉकअप कितव्या खाचेवर आहे ते विचारा.

सावकाश_जा
तळघरात गाडीवर बसून मागे घ्यायचीच नाही. चवड्यांनी चढावर गाडी रेटता येत नाही. उतरा, डाव्या बाजूला उभ्या राहा, उजवी मांडी सीटच्या कडेला टेकवा, गाडी अगदी थोडी स्वतःकडे झुकलेली ठेवा आणि उजवा हात पुढच्या ब्रेकवर. गाडी विरुद्ध बाजूला झुकली तर थांबवता येत नाही, म्हणून झुकाव कायम आपल्याकडे.

लावताना तोंड चढाकडे, पहिला गिअर टाकून, साइड स्टँड पूर्ण उघडल्यावर गाडी मागे सरकवून घट्ट बसू द्या. तोंड उताराकडे असेल तर स्टँड आपोआप मिटू शकतो. चढावरून बाहेर निघताना डावा पाय जमिनीवर, उजवा मागच्या ब्रेकवर, क्लच हळू सोडा. इंजिनाचा आवाज जड झाला आणि गाडीची नाकाडी किंचित उचलली की ब्रेक सोडा. आधी ब्रेक सोडलात तर गाडी मागे येते आणि टेकवलेला पाय अडकतो.

आडवी झालीच तर घाईनं कंबरेतून वाकून उचलू नका. इंजिन बंद, पहिला गिअर. उजवीकडे पडली असेल तर आधी साइड स्टँड उघडून ठेवा. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवा, सीटला पाठ लावून उकिडव्या बसा, एक हात हँडलच्या मुठीवर, दुसरा मागच्या ग्रॅबरेलला, आणि पायांच्या जोरावर छोटी छोटी पावलं मागे टाकत उभ्या राहा. मोकळ्या मैदानात, जुन्या गादीवर आडवी करून कोणाला तरी सोबत घेऊन दोनदा करून बघा. नंतर त्याच मैदानात दोन विटा ठेवून आठचा आकडा, पहिल्या गिअरमध्ये, हाफ क्लच आणि मागच्या ब्रेकवर, पाय न टेकवता. आरटीओच्या परीक्षेत तोच काढायला लावतात.