मदत हवी आहे: डोलोमाइटची खाणभुकटी भरलेले पॉलिप्रॉपिलीन ठिसूळ होते

वडोदऱ्यातील आमच्या लहान कारखान्यात छोटा उदेपूरच्या खाणींतली डोलोमाइट या दगडाची टाकाऊ भुकटी पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकमध्ये वजनाने ३० टक्के मिसळून पाहत आहोत. ताठपणा अपेक्षेप्रमाणे वाढला. मात्र नमुना वाकवताच पांढरी रेघ उमटून तो काडकन तुटतो, आणि तुटलेल्या जागी भिंगातून भुकटीच्या गुठळ्या स्पष्ट दिसतात. भुकटी १०५ अंशांवर चार तास वाळवली, ४५ मायक्रॉनच्या चाळणीतून काढली, गुठळ्या होऊ नयेत म्हणून दीड टक्का स्टिअरिक आम्लाचा (एक मेदाम्ल) लेपही दिला, फरक किरकोळच. प्लास्टिक वितळवून भुकटी मिसळणारे यंत्र एका स्क्रूचे आहे, म्हणजे मिसळण कमी करणारे, दोन स्क्रूंचे तूर्त परवडणारे नाही, आणि प्रमाण २० टक्क्यांखाली नेल्यास एवढ्या खटाटोपाला अर्थ उरत नाही. अशा स्थितीत बाहेरून दाट मास्टरबॅच (प्लास्टिकमध्ये भुकटी जास्त प्रमाणात आधीच मिसळलेले दाणे) करून घ्यावा, की भुकटी आणि प्लास्टिक एकमेकांना धरून राहावेत म्हणून मॅलेइक ॲनहायड्राइड जोडलेले पॉलिप्रॉपिलीन घालावे, आणि ते घातल्यास स्टिअरिक आम्लाचा लेप वगळावा लागेल का?