मदत हवी: रिमोटने चालू होतं, बंद होत नाही

गच्चीवरची_टाकी: एचटी१२ई (कोड पाठवणारा एन्कोडर), एचटी१२डी (कोड ओळखणारा डीकोडर) आणि ४३३ मेगाहर्ट्झचा ट्रान्समीटर-रिसीव्हर मॉड्यूल-जोड वापरून रिमोट केलाय. एलईडीवर चोख चालतं. खरा लोड लावला की चालू होतं, पण बंद होत नाही. ॲड्रेसच्या आठही पिना जुळतात. रेंजही कमी पडते. काय बदलू? लवकर सांगा.

सोल्डर_मास्तर: लोड कसला? रिले कितीचा? रिले चालवणारा ड्रायव्हर कोणता? अँटेना आहे का?

घरभर_वायफाय: अजून एचटी१२? ईएसपी८२६६ या वायफाय चिपचं रिले बोर्ड घ्या, मोबाईलवरून चालवा. रेंजची कटकटच नाही.

सोल्डर_मास्तर: राउटर बंद पडला की काय करायचं? आणि रिले तोच असेल तर आजार तसाच राहणार.

गच्चीवरची_टाकी: लोड म्हणजे मोटर, आणखी काय असणार! १ एचपी मोनोब्लॉक पंप. रिले ५ व्होल्टचा निळा, १० अँपिअर लिहिलंय. ड्रायव्हर बीसी५४७ ट्रान्झिस्टर, बेसला १ के रेझिस्टर. अँटेना मॉड्यूलवर आहे ती स्प्रिंग.

फेज_न्यूट्रल: हे पहिल्याच पोस्टीत हवं होतं. रिलेवरचे १० अँपिअर हीटरसारख्या लोडसाठी असतात. १ एचपी मोटर चालताना ५ ते ७ अँपिअर घेते, सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट. तेवढ्यात कॉन्टॅक्ट चिकटतो. मोटर चालू असताना रिसीव्हरचे ५ व्होल्ट काढा. तरी चालूच राहिली तर कॉन्टॅक्ट चिकटलाय. थांबली तर बंदचा सिग्नल पोचत नाहीये. एचटी१२डीचे डेटा पिन शेवटचा मिळालेला कोड धरून ठेवतात, म्हणून दोन्ही बिघाड बाहेरून सारखेच दिसतात.

टीव्ही_रिपेअर: टीएसओपी१७३८ हा इन्फ्रारेड रिसीव्हर लावा, टीव्हीच्या जुन्या रिमोटने चालेल. स्वस्तात काम.

फेज_न्यूट्रल: इन्फ्रारेड स्लॅबमधून जात नाही हो.

पंखा_५: याच सर्किटवर पंख्याचा स्पीड कमी-जास्त करता येईल का?

सोल्डर_मास्तर: वेगळा धागा काढा.

गच्चीवरची_टाकी: ५ व्होल्ट काढले, मोटर चालूच. एमसीबी पाडावा लागला.

फेज_न्यूट्रल: मग निदान झालं. तो रिले फेका, ठोकून सुटला तरी पुन्हा चिकटेल. नव्या छोट्या रिलेने फक्त कॉन्टॅक्टरची, म्हणजे जड लोडच्या मोठ्या रिलेची, कॉइल चालवा. कॉन्टॅक्टर २३० व्होल्ट कॉइलचा, मोटर ड्यूटीचा म्हणजे एसी-३ रेटिंगचा, किमान ९ अँपिअर. मोटरची फेज आणि न्यूट्रल दोन्ही त्यातून तोडा. ओव्हरलोड रिले (करंट जास्त गेला की मोटर तोडणारा) मोटरच्या पाटीवरच्या करंटला सेट करा. जुनं स्विच आयसोलेटर म्हणून, म्हणजे हाताने लाईन तोडायला, राहू द्या.

सोल्डर_मास्तर: बीसी५४७ पण काढा. निळ्या रिलेची कॉइल ७० ओहमची, म्हणजे ७० मिलिअँपिअर. एचटी१२डीची पिन जेमतेम एक-दीड मिलिअँपिअर देते, ट्रान्झिस्टर पूर्ण उघडेलच असं नाही. यूएलएन२००३ ही ड्रायव्हर आयसी लावा आणि त्याची ९ नंबरची पिन रिलेच्या ५ व्होल्टला जोडा, डायोड आतच आहे. रिलेच्या कॉन्टॅक्टवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा स्नबर (ठिणगी दाबणारी रेझिस्टर-कपॅसिटर जोडी) टाका.

फेज_न्यूट्रल: कॉन्टॅक्टवर नको. ०.१ मायक्रोफॅरडमधून २३० व्होल्टला साधारण ७ मिलिअँपिअर झिरपतात, छोटा कॉन्टॅक्टर गुणगुणतो, कधी नीट सुटत नाही. कॉइलवर टाका. कपॅसिटर एक्स२ प्रकारचाच, थेट मेन्सवर लावायचा.

सोल्डर_मास्तर: कॉन्टॅक्टरसाठी मान्य.

गच्चीवरची_टाकी: आणि रेंज? तीन मजले आहेत.

सोल्डर_मास्तर: स्प्रिंग काढून दोन्हीकडे १७ सेंटिमीटर सिंगल कोअर वायर, सरळ. रिसीव्हर पत्र्याच्या डब्यात असेल तर अँटेना बाहेर काढा. साध्या रिसीव्हरऐवजी आरएक्सबी६ घ्या, मोटरचा कचरा तो बराच गाळतो. सप्लायला पिनांजवळच १०० आणि ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर. रिमोटची बॅटरी किती व्होल्ट?

गच्चीवरची_टाकी: ९. ऑसिलेटरचा रेझिस्टर एचटी१२ईला १ मेग, एचटी१२डीला ५१ के.

सोल्डर_मास्तर: ही जोडी दोन्हीकडे ५ व्होल्ट धरून आहे. ९ वर एन्कोडरची फ्रिक्वेन्सी सरकते, टेबलावर जमतं, सिग्नल कमकुवत झाला की डीकोडर कोड नाकारतो. एचटी१२ईला ७८एल०५ रेग्युलेटरमधून ५ द्या, ट्रान्समीटरला थेट ९.

घरभर_वायफाय: रिमोट हवाच कशाला? वर फ्लोट स्विच टाका, टाकी भरली की आपोआप बंद.

फेज_न्यूट्रल: विचारलं नव्हतं, पण वाईट नाही. टाकी भरली की उघडणारा फ्लोटचा कॉन्टॅक्ट कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या वायरीत सिरीजमध्ये टाका. रिमोटचा बंद कोड हुकला तरी पाणी वाहणार नाही. खालच्या टाकीलाही एक, मोटर कोरडी चालली तर सील जातं.

गच्चीवरची_टाकी: कॉन्टॅक्टर डीआयएन रेलवाला (एमसीबीसारखा पट्टीवर बसणारा) चालेल?

फेज_न्यूट्रल: चालेल, पण घरगुती मॉड्युलर नको, त्यावर बहुधा मोटरचं रेटिंग कमी असतं. एसी-३ चा आकडा वाचूनच घ्या.